‘घरी न्या, सेवा करा’

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र परवा मिळाले. बंधपत्राच्या सेवेसाठी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रुजू होऊन तुला चार महिने झाले. पुढे सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा आहे आणि प्रबंधासाठी ‘जगभरातील पॅलिएटिव्ह केअरची’ (म्हणजे गंभीर आजारात रुग्णाची वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेची) ‘उपलब्धता’ हा विषय मनात आहे, तर अभ्यासाला कोणता देश निवडावा, असे तू विचारले आहेस. त्याच पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहाव्यात तशा, जबड्याच्या कर्करोगाच्या एका रुग्णाविषयी तीन ओळी आहेत. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने ‘आता घरी न्या, सेवा करा’ असे सांगून त्याला परत पाठवले आहे, तो रात्रभर बसून काढतो, आणि त्याला द्यायला तुझ्याकडे डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनापलीकडे काही नाही. माझ्या मते तुझा प्रबंध त्या तीन ओळींत आहे. आधीचे दीड पान अर्जाला जोडण्यापुरते ठीक आहे.

‘घरी न्या, सेवा करा’ हे वाक्य मीही उमेदवारीच्या काळात कितीतरी वेळा उच्चारले आहे, आणि उच्चारताना आपण काहीतरी भल्या माणसासारखे बोलतो आहोत असे मला वाटत असे. एकदा एका बाईने केसपेपर हातात घेऊन, अगदी साधेपणाने, मला उलट विचारले, ‘सेवा म्हणजे नेमके काय करायचे, ते सांगा.’ नवऱ्याला गिळता येत नव्हते, गालाची जखम बाहेर फुटली होती, वासामुळे शेजारपाजारचे येईनासे झाले होते. तिच्या प्रश्नात तक्रार नव्हती. बाळंतिणीला घरी पाठवताना जशा चार गोष्टी समजावून सांगतात तशा कोणीतरी सांगाव्यात, एवढीच तिची अपेक्षा होती. मला एकही सांगता आली नाही. त्या रुग्णालयात तेव्हा मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचे अफूजन्य औषध, नव्हते, पण जखमेवर काय लावायचे, नळीतून काय आणि किती घालायचे, रात्री रक्त आले तर काय करायचे, हे सांगायला मॉर्फिन लागत नाही. तेही मला ठाऊक नव्हते, कारण साडेपाच वर्षांच्या शिक्षणात ते कोणी शिकवलेच नव्हते. उपलब्धतेचा विचार करताना मला आजही आधी तो रिकामा केसपेपर आठवतो, आकडे नंतर.

आकडे मात्र तुला पाठ हवेत, म्हणून ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख माणसांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि त्यांतल्या सुमारे १४ टक्क्यांनाच ती मिळते. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने वेदनाशमनाचा जागतिक हिशेब मांडला, तेव्हा जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या, मॉर्फिनच्या मापात मोजलेल्या, २९८.५ टन अफूजन्य औषधांपैकी अत्यंत गरीब देशांच्या वाट्याला जेमतेम ०.१ टन येते, असे दिसले. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा दशांशचिन्ह चुकले असावे असे वाटून मी मूळ अहवाल उघडून पाहिला होता. त्याच आयोगाने सांगितले, की श्रीमंत देशांना ज्या स्वस्त भावात औषध मिळते त्या भावात खरेदी केली, तर साऱ्या जगाची ही तूट भरून काढायला वर्षाला साधारण १४.५ कोटी डॉलर पुरतील. अमेरिकेतले एक मध्यम आकाराचे रुग्णालय चालवायला याहून जास्त पैसा लागतो. तेव्हा प्रबंधाच्या पहिल्या पानावर ‘गरिबीमुळे’ हा शब्द लिहिण्यापूर्वी थांब. साधे मॉर्फिन जुने आहे, त्यावर कोणाचे पेटंट नाही, आणि त्याच्या स्वस्तपणामुळेच ते विकण्यात कोणाला फारसा रस नसतो.

मग अडले कोठे? याचे उत्तर शोधायला तुला समुद्र ओलांडण्याची गरज नाही. भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत, आणि आपल्या अफूपासून दूरदेशीच्या रुग्णांची औषधे तयार होत आली आहेत. अशा देशात १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आला. त्या कायद्यात वैद्यकीय वापराला मनाई नव्हती. ज्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाठोपाठ असे कायदे जगभर झाले, त्याच्या प्रस्तावनेतही वेदनाशमनासाठी ही औषधे अपरिहार्य असल्याचे आणि ती पुरेशी मिळण्याची तजवीज केली पाहिजे, असे स्पष्ट लिहिले आहे. परंतु शिक्षा जबर, परवाने चार-पाच, ते देणारी खाती वेगवेगळी आणि त्यांच्या मुदती एकमेकींशी न जुळणाऱ्या; एक परवाना हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. औषधविक्रेत्यांनी साठा ठेवणे सोडले, रुग्णालयांनी मागणी पाठवणे सोडले, आणि पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी खाली आला. याहून मोठे नुकसान असे, की डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिनची गोळी एकदाही न लिहिता निवृत्त झाली. जे औषध आपल्या शिक्षकाने कधी वापरलेले आपण पाहिले नाही, ते वापरायला हात धजत नाही. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली, प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता पुरेशी झाली. कागदावरची गाठ सुटली, पण हाताची भीती राजपत्रातल्या अधिसूचनेने जात नाही. मी काम केलेल्या एका ठिकाणी, जिचे नाव घेण्याची गरज नाही अशा एका संस्थेत, दुरुस्तीनंतरही दोन वर्षे मान्यतेचा अर्ज टेबलाच्या खणात पडून होता. त्यावर सही करणाऱ्या गृहस्थांना चौकशीची भीती वाटत होती, आणि सही न केल्याबद्दल मात्र कोणाचीच चौकशी होणार नव्हती.

हे मी तुला इतके विस्ताराने सांगतो आहे, कारण तुझ्या पत्रात ‘धोरण’ हा शब्द अकरा वेळा आला आहे आणि ‘रजिस्टर’ एकदाही नाही. दोन कुलपांचे कपाट, त्याच्या किल्ल्या कोणाकडे, रोजच्या नोंदीचे रजिस्टर, रिकाम्या पट्ट्यांचा हिशेब, वर्षाच्या गरजेचा अंदाज भरून पाठवायचा तक्ता, यांना तू कारकुनी समजत असशील. मीही समजत असे. ज्या रुग्णालयात हे काम मन लावून करणारा एक औषधनिर्माता असतो तेथे रुग्णाला गोळी मिळते, आणि त्याची बदली झाली की मिळेनाशी होते; हे मी तीन जिल्ह्यांत डोळ्यांनी पाहिले आहे.

आता देशाविषयी. निवड करायचीच असेल तर युगांडा निवड. तेथे १९९३ साली डॉ. अ‍ॅन मेरीमन यांनी कंपालामध्ये हॉस्पिस आफ्रिका युगांडा सुरू केले (हॉस्पिस म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था), आणि सुरुवातच पातळ मॉर्फिनने केली: मॉर्फिनची पावडर, शुद्ध पाणी, औषध टिकवणारे थोडे द्रव्य, आणि तीव्रता ओळखू यावी म्हणून रंग. आपल्याकडे खोकल्याचे औषध जसे बाटलीत देतात तशी ती बाटली घरी जाते आणि मोजून पाजली जाते. दात नसलेल्या, गिळणे अवघड झालेल्या माणसालाही ती चालते. युगांडाची खरी हिंमत मात्र पुढे दिसली. खेड्यात डॉक्टर पोचत नाही हे सत्य त्या सरकारने मान्य केले आणि २००४ साली खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना व वैद्यकीय सहायकांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. श्रीमंत देशांतही त्या काळी हा विषय निघाला की भुवया उंचावत. आपल्याकडे आजही सिस्टरला सगळे करावे लागते: जखम धुणे, नळी घालणे, नातेवाइकांचा संताप झेलणे, फक्त दुखण्यावरची गोळी लिहिण्याचा अधिकार तिला नाही. रात्री अडीच वाजता कण्हणाऱ्या माणसाच्या खाटेशी कोण उभे असते, याचा विचार करून अधिकार कोणाला असावा ते ठरवावे, असे माझे मत आहे. माझे बरेच सहकारी ते मानत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

केरळविषयी तू लिहिले आहेस, की ते ‘मॉडेल’ महाराष्ट्रात आणायला हवे. या वाक्याने मी जरा सावध होतो. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी वेदनाशमनाचा दवाखाना सुरू केला. रुग्ण दवाखान्यापर्यंत येऊ शकत नाहीत हे ध्यानी आल्यावर त्यांनी घरोघरी जायला सुरुवात केली. दशकाच्या अखेरीस त्याला गावकऱ्यांच्या शेजारजाळ्याचे रूप आले, आणि २००८ साली केरळ सरकारने या सेवेचे राज्याचे धोरणच जाहीर केले. तेथे गावातला शिक्षक, रिक्षावाला, दुकानदार थोडे प्रशिक्षण घेऊन आठवड्यातले काही तास देतात, परिचारिका त्यांच्याबरोबर घरी जाते, आणि ग्रामपंचायत त्यासाठी आपल्या निधीतून पैसे ठेवते. पाहून आलेल्या माणसाला भारावून जायला होते. मीही भारावून आलो होतो आणि येताच एका आदिवासी तालुक्यात तसेच करायला गेलो. पहिल्याच महिन्यात कळले, की केरळात एक गाव कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते हे कळत नाही, आणि आपल्याकडे एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला पावसाळ्यात अर्धा दिवस जातो. तेथे पंचायतीच्या हाती खर्चाचा अधिकार बरीच वर्षे मुरला होता. आमच्या सरपंचाला गटार आणि दिवाबत्ती यांपलीकडे काही आरोग्यावर खर्चता येते, हेच पटवायला आम्हाला एक वर्ष लागले. शेवटी जे थोडे उभे राहिले ते आशाताईंमुळे, कारण कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळले आहे हे त्यांना यादी न करताच ठाऊक होते. तेव्हा केरळात जा, पण तेथले ‘मॉडेल’ उचलून आणण्यासाठी जाऊ नकोस. तेथल्या माणसांनी आपल्याजवळ आधीपासून काय होते ते कसे ओळखले, एवढे बघून ये.

इंग्लंडचा मोह तुला होणार, कारण विद्यापीठ तेथेच असेल. डेम सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या होत्या. शरीराची, मनाची, घरच्या चिंतेची आणि श्रद्धेची वेदना वेगवेगळी काढता येत नाही हे त्यांना कळले, ते या तिन्ही खुर्च्यांवर बसल्यामुळे, असे मला नेहमी वाटते. पण तेथेही हॉस्पिसांचा बराचसा खर्च आजही देणग्यांवर आणि जुन्या कपड्यांच्या धर्मादाय दुकानांवर चालतो, हे विसरू नकोस. प्रसूती सरकारी खर्चाने होते आणि मरणासाठी गावाने वर्गणी काढायची, ही तऱ्हा श्रीमंत देशातही सुटलेली नाही. आपल्याकडे १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन उघडले, ते देशातले पहिले हॉस्पिस. नव्वदच्या दशकात मुंबईत टाटा रुग्णालयाचा स्वतंत्र विभाग आणि पुण्यात वारजे येथील सिप्लाचे केंद्र झाले. तिन्ही ठिकाणी उत्तम काम चालते, आणि नकाशावर तिन्हींना जोडणारी रेघ तुझ्या तालुक्यापासून फार लांबून जाते.

प्रबंधात उपलब्धता कशी मोजायची, हा तुझा दुसरा प्रश्न. दर लाख लोकसंख्येमागे किती केंद्रे, दरडोई किती मिलिग्रॅम मॉर्फिन, हे मापदंड उपयोगी आहेत आणि परीक्षकांना तेच लागतील. पण त्यांत एक खोट आहे. कर्करोग सोडून बाकीचे रुग्ण त्यांत नीट दिसत नाहीत. प्रौढांमधल्या गरजेत कर्करोगाचा वाटा साधारण एकतृतीयांश आहे. बाकीचे थकलेल्या हृदयाचे, दम्याने आणि धुराने जीर्ण झालेल्या फुप्फुसांचे, डायलिसिस न परवडणारे, पक्षाघाताने वर्षानुवर्षे खाटेवर असलेले. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या ज्या आजी रात्री आडव्या होऊ शकत नाहीत, त्यांना तू पॅलिएटिव्ह केअरचा रुग्ण म्हणून मोजले आहेस का? आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांनी द्यायच्या सेवांच्या यादीत ज्येष्ठांची काळजी आणि पॅलिएटिव्ह केअर आहे. तुझ्या उपकेंद्रात भिंतीवरच्या फलकावर ती यादी रंगवलेली असेल. त्या ओळीखाली प्रत्यक्षात काय दिले जाते, एवढे एकाच उपकेंद्राचे प्रामाणिकपणे लिहून काढलेस तरी ते एक प्रकरण होईल.

आता तुझ्या रुग्णाकडे वळतो, कारण प्रबंध वर्षभराने होईल आणि त्याच्याजवळ तेवढा वेळ नाही.

दुखणे किती, हे विचारताना शून्य ते दहा असे विचारू नकोस. वयस्क शेतकऱ्याला ‘रुपयातले किती आणे दुखते’ असे विचारले, की तो क्षणभर थांबून ‘बारा आणे’ असे नेमके सांगतो, आणि औषधानंतर ‘आता चार आणे राहिले’ असेही सांगतो. मॉर्फिन मिळाले तर ते दुखल्यावर द्यायचे नसते, घड्याळावर द्यायचे असते: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १० वाजता दुप्पट, म्हणजे मध्यरात्री कोणाला उठावे लागत नाही. डोस लहान ठेवून सुरू करावा आणि गरजेप्रमाणे वाढवत न्यावा. अशा रीतीने दिलेल्या मॉर्फिनने मरण जवळ येत नाही आणि वेदनेसाठी घेणारा माणूस सहसा व्यसनी होत नाही, हे नातेवाइकांना आणि तुझ्या वरिष्ठांनाही शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगावे लागेल. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल, मळमळेल, हे आधीच सांगून ठेव. न सांगितल्यास ते औषध बंद करतील. बद्धकोष्ठता मात्र राहणारच, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून. त्याला तोंड उघडता येत नसेल तर साधी गोळी पाण्यात विरघळवून नाकातल्या नळीतून देता येते. सावकाश विरघळणारी लांब पल्ल्याची गोळी मात्र कधीही कुटायची नाही.

जखमेच्या वासासाठी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या बारीक कुटून ती पूड जखमेवर पसरावी. हे औषध तुझ्या कपाटात आजही आहे. त्या बाईला मी हे सांगू शकलो असतो, तर कदाचित तिची जाऊ ओसरीवरून आत आली असती. मानेच्या जखमेतून एखाद्या दिवशी एकदम रक्त येऊ शकते. घरच्यांना न घाबरवता, पण स्पष्टपणे ते सांग, आणि उशाशी गडद रंगाचे दोन टॉवेल ठेवायला सांग, कारण पांढऱ्या कापडावर पसरलेले रक्त पाहिलेली मुले ते जन्मभर विसरत नाहीत. आणि हे सगळे केसपेपरच्या मागच्या बाजूला मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून दे. घरात वाचणारे कोणी नसेल तर गोळीच्या पट्टीवर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढून दे.

मॉर्फिन आज तुझ्याकडे नाही, म्हणून तोवर काय, हे तू विचारशील. ट्रॅमाडॉल नियमित वेळेवर देऊन, त्यासोबत पॅरासिटामॉल आणि नसेच्या दुखण्यासाठी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिनचा लहान डोस देऊन तू त्याचे बारा आणे कदाचित आठवर आणू शकशील. ट्रॅमाडॉल आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन एकत्र देताना मात्र डोस आवरता ठेव आणि पूर्वी झटके आले होते का ते विचार. जिल्ह्याच्या ठिकाणी मान्यता असलेली कोणती संस्था आहे, तिच्या औषधनिर्मात्याचे नाव काय आणि साठा कधी येतो, हे फोनवर न विचारता स्वतः जाऊन विचार. फोनवर ‘नाही’ म्हणणे फार सोपे असते. तुझ्या स्वतःच्या रुग्णालयाला मान्यता मिळवायची असेल तर आधी तुला प्रशिक्षण घ्यावे लागेल. त्यासाठी रजेचा अर्ज आजच टाक, वारजे येथे चौकशी करायला मी मदत करीन. तुझी बंधपत्राची मुदत संपल्यावर ही किल्ली कोणाकडे जाणार, हे मात्र प्रशिक्षणाला जाण्यापूर्वीच वैद्यकीय अधीक्षकांना विचारून ठेव आणि एखाद्या कायमस्वरूपी सिस्टरला बरोबर घेऊन जा.

विद्यापीठाच्या अर्जाला जोडायचे शिफारसपत्र मी लिहून ठेवतो. त्याला अजून सहा आठवडे आहेत. या रविवारी त्या रुग्णाच्या घरी जा. पांढरा कोट नको, स्टेथोस्कोप पिशवीत असू दे. त्याच्याशी बोलून झाल्यावर, रात्री त्याच्यापाशी जे कोणी जागते, पत्नी असो वा मुलगी, तिला बाजूला घेऊन तिची स्वतःची झोप किती होते ते विचार. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत मला लिहून पाठव.

तुझा,
सर